इटलीतली शेवटची रात्र कुठे काढावी? (व्हेनिस झालं, परतीचं विमान मालपेन्साहून)

बॅगा_भरून_तयार

नमस्कार मंडळी. सगळं बुकिंग झालंय, फक्त एक रात्र लटकलीय आणि त्या एका रात्रीवरून घरात पंधरा दिवस चर्चासत्र चालू आहे म्हणून शेवटी इथे विचारतेय.

रोम ४ रात्री, फ्लोरेन्स ३, व्हेनिस २, आणि मग रविवारी दुपारी १:४० ला मिलानच्या मालपेन्साहून परतीचं विमान. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. व्हेनिसचं हॉटेल शनिवारी सकाळी सोडायचंय, म्हणजे शनिवारची रात्र मोकळी.

आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई (७१, सपाटीवर तासभर आरामात चालतात पण जिने आले की गुडघा बोलतो), आणि ९ वर्षांचा मुलगा ज्याला आकाशात विमान दिसलं की मान वर करून चालतो आणि माणसांवर आपटतो. बॅगा ३ मोठ्या, १ छोटी, फ्लोरेन्समध्ये त्यात अजून भर पडणार हे मला माहितीय, नवऱ्याला अजून नाही. गाडी चालवणार नाही.

नवरा म्हणतो मिलान, ड्युओमो (तिथलं मोठं चर्च) बघू. मी म्हणते कोमो किंवा स्ट्रेझा, तलाव बघू. नणंद म्हणते व्हेरोना, वाटेतच आहे. आणि नवऱ्याचा एक मित्र म्हणतो गुपचूप विमानतळाजवळ हॉटेल घ्या आणि झोपा, शेवटच्या दिवशी कसली हौस. रात्रीचं बजेट १५०-१८० युरो, चौघांना मिळून एक फॅमिली रूम चालेल.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा ना. आणि "तुमच्या आवडीवर आहे" असं प्लीज कुणी सांगू नका, आवडी चार आहेत आणि रात्र एक.

---

खिडकीवाली_सीट

व्हेरोना नको. आम्ही नेमकं हेच केलं होतं म्हणून सांगते.

नकाशात व्हेरोना व्हेनिस-मिलान लाइनवरच आहे, त्यामुळे असं वाटतं की वाटेत उतरलो, एक गाव फुकटात बघून झालं. गावाबद्दल तक्रार नाहीच, संध्याकाळी पियात्सा ब्रामध्ये त्या रोमन अरेनासमोर बसलो होतो, पहिल्या शतकातलं बांधकाम आणि त्याच्या पायथ्याशी पोरं आइस्क्रीम खातायत, फार सुंदर. पण तुम्ही त्या रात्री झोपता तेव्हा विमानतळ अजून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर लांब असतो हे डोक्यातून जात नाही. मी रात्री तीनदा उठून गाडीची वेळ बघितली.

सकाळी आमची मिलानची गाडी ३५ मिनिटं लेट. मग मिलान सेंत्रालेला उतरून मालपेन्साची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते शोधत तिघं जण चार बॅगांसकट पळतोय. स्टेशन प्रचंड, छतापर्यंत मान वर करून बघण्यासारखं, पण त्या दिवशी मी फक्त बोर्ड बघत होते. विमान मिळालं. पण नवरा आणि मी दुबईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

तेव्हा माझं एवढंच म्हणणं, शनिवारी जितकं पुढे सरकता येईल तितकं सरका. गाडी बदलणं, स्टेशनातली धावपळ, काय ते सगळं शनिवारी उरका, शनिवारी उशीर झाला तर फार तर जेवण हुकेल.

---

टाइमटेबल_काका

वरच्या ताईंशी सहमत. आता माझं मत, मिलान, पण मिलानमध्ये कुठेही नाही. कादोर्ना स्टेशनच्या पाच मिनिटांच्या अंतरात हॉटेल घ्या.

कारण सांगतो. मालपेन्सा मिलानपासून जवळजवळ ५० किमी वायव्येला आहे, लोकांना वाटतं मिलानचा विमानतळ म्हणजे मिलानात. मालपेन्सा एक्सप्रेस दोन ठिकाणांहून सुटते, सेंत्राले आणि कादोर्ना. सेंत्रालेवरून ५० मिनिटांच्या वर लागतात, कादोर्नावरून साधारण ४०. कादोर्ना छोटं टर्मिनस आहे, रस्त्याच्या लेव्हलला फलाट, जिने नाहीत, आत शिरलात की गाडी समोर. आजींसाठी हे फार महत्त्वाचं. सीट रिझर्व्ह नसते, त्यामुळे एक गाडी चुकली तर अर्ध्या तासाने पुढची, टेन्शन नाही.

व्हेनिस सांता लुचियाहून सेंत्राले अडीच तासाच्या आत. सकाळी दहाची पकडलीत तर साडेबाराला मिलान. सेंत्रालेहून कादोर्ना हिरव्या मेट्रोने थेट पाच स्टॉप, पण बॅगा आणि आजी असताना मेट्रो नको, टॅक्सी घ्या, १५-२० युरोत होईल.

कादोर्नाहून स्फोर्झा किल्ला तीन-चार मिनिटं चालत. किल्ल्याचं आवार फुकट, मागे मोठी बाग, आजी बाकावर बसू शकतात. किल्ल्यात मायकेलअँजेलोचं शेवटचं अपुरं राहिलेलं शिल्प आहे, रोन्दानिनी पिएता (पिएता म्हणजे मृत येशूला धरलेली मेरी), त्याला स्वतंत्र दालन दिलंय. व्हॅटिकनमधली पिएता तुम्ही रोमला बघणारच, ती विशी-पंचविशीतल्या मुलाने केलेली आणि ही ८८ वर्षांच्या म्हाताऱ्याने मरायच्या आधी काही दिवसांपर्यंत ठोकत बसलेली, ह्या दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बघायला मिळणं म्हणजे चैन आहे. ड्युओमो लाल मेट्रोने तीन स्टॉप. छतावर जायला लिफ्ट आहे, तिकीट आधी काढा. लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' चित्राचा विचार आत्ता करत असाल तर सोडून द्या, १५ मिनिटांच्या बॅचेस असतात आणि तिकिटं कधीच संपलेली असतात.

दोन गोष्टी लिहून ठेवा. एक, इटलीत संप जाहीर करून होतात. परिवहन मंत्रालयाच्या साइटवर यादी असते, निघायच्या आठवड्यात बघा. "शोपेरो" हा शब्द ट्रिपआधी पाठ करा. आणि शनिवारी रात्री नऊ ते रविवारी रात्री नऊ हा रेल्वे संपाचा आवडता स्लॉट आहे. संप असला तरी कादोर्नाहून विमानतळाला बदली बस सोडतात, शेजारच्या व्हिया पालेओकापावरून. हाही कादोर्नाचाच फायदा.

दोन, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे त्याच पहाटे युरोपची घड्याळं एक तास मागे जातात. पहाटे तीनचे दोन वाजतात. तुम्हाला एक तास झोप जास्त मिळणार, फायद्याचंच आहे, पण मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ आणि हॉटेलच्या भिंतीवरचं बदलत नाही. मार्चमध्ये उलटं असतं, तेव्हा माझ्या ओळखीच्या एकांचं विमान त्यात गेलेलं आहे.

---

अधाशी_प्रवासी

काका माहिती एक नंबर पण रोम फ्लोरेन्स व्हेनिस करून माणूस येतो तेव्हा त्याला अजून एक चर्च आणि अजून एक किल्ला दाखवायचा म्हणजे लग्नात पाचव्या पंगतीला बसवल्यासारखं आहे हो. नऊ दिवस त्या पोराने फक्त छतं बघितलेली असणार.

स्ट्रेझा!!! डोळे मिटून स्ट्रेझा. मिलान सेंत्रालेहून लोकल गाडीने तास-सव्वातास, लागो माज्जोरे तलावाच्या काठावर, समोर तीन बेटं. इझोला बेल्लावर राजवाडा आणि दहा टप्प्यांची पायऱ्यापायऱ्यांची बाग, पांढरे मोर फिरतायत. शेजारी कोळ्यांचं बेट. आम्ही शेवटची रात्र तिथे काढली, काठावर बसून रिझोत्तो खाल्ला, त्या सगळ्या ट्रिपमधली एकच संध्याकाळ ज्यात कुणी "चला चला उशीर होतोय" म्हणालं नाही. आणि तिथून जवळच्या नोवारात गोर्गोन्झोला चीज भरपूर बनतं, ते तिथे खाऊन बघाच. (शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्या, पार्मेजानो चीज हे वासराच्या पोटातल्या रेनेटनेच विरजतात, नियमच तसा आहे, चालत असेल तर खा नसेल तर विचारून घ्या.)

स्ट्रेझाहून मालपेन्सा ५० किमीच्या आसपास आहे. टॅक्सी केली होती.

---

वारेसेकर

मी ह्याच भागात राहते, मालपेन्सा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, पाहुणे सोडायला-आणायला इतक्या वेळा गेलेय की पार्किंगवाला ओळखतो. तर थोडं लांबलचक लिहितेय.

आधी कोमो, कारण कुणी त्यावर बोललं नाही. कोमोत दोन स्टेशनं आहेत. सान जोव्हान्नी हे वर आहे, मिलान सेंत्रालेच्या गाड्या तिथे येतात, खाली गावात यायला पायऱ्या. दुसरं कोमो लागो, ते अगदी तलावाला लागून, पण तिथून गाड्या कादोर्नाला जातात. म्हणजे सेंत्रालेहून येताना एका स्टेशनावर उतरणार, आणि सकाळी मालपेन्साला जाताना दुसऱ्या स्टेशनावरून निघून सारोन्नोला गाडी बदलणार. होतं, आम्ही करतो, पण तीन बॅगा आणि गुडघा घेऊन नको. शिवाय कोमो शनिवारी म्हणजे आख्खं मिलान तिथे उतरलेलं असतं.

स्ट्रेझा सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण अधाशीभाऊ, तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात? ऑक्टोबरअखेर इथे सूर्य सव्वासहा-साडेसहाला जातो. ही मंडळी साडेबाराला मिलानला उतरणार, पुढची गाडी, स्ट्रेझा पोचेपर्यंत अडीच, हॉटेलात बॅगा टाकून धक्क्यावर येईपर्यंत साडेतीन. बोट, बेट, राजवाडा, तिथे तर जिनेच जिने, बागेत पण. आजी खाली बसणार, तुम्ही वर पळणार, पोरगं मोराच्या मागे. म्हणजे परत "चला चला उशीर होतोय". बेटं बघायची तर आख्खा दिवस द्या.

माझं उत्तर आरोना. त्याच तलावावर, त्याच लाइनवर, पण स्ट्रेझाच्या अलीकडे. सेंत्रालेहून साधारण एक तास, गाडी बदलावी लागत नाही. टुरिस्ट फारसं उतरत नाहीत म्हणून हॉटेलं तुमच्या बजेटात बसतील. स्टेशनापासून काठ आणि जुनं गाव जवळ, आणि सगळं सपाट, हे महत्त्वाचं. काठाने लांबच लांब फरसबंदी रस्ता, बाकं, समोर पाण्यापलीकडे आंजेराचा किल्ला. तो संध्याकाळी दिव्यांनी उजळतो. आणि बघायचं असं काही खास नाही हाच ह्या गावाचा गुण आहे. तरीही कुणाला हौस असेल तर गावाबाहेर टेकडीवर सान कार्लोचा पुतळा आहे, चौथरा धरून ३५ मीटर, १६९८ साली पुरा झालेला, आत पोकळ, शिडीने थेट डोक्यात चढता येतं आणि संताच्या डोळ्यातून बाहेर तलाव बघता येतो. कार्लो बोर्रोमेओ आरोनातच जन्मला, स्ट्रेझाची ती बेटं त्याच घराण्याची.

आता विमानतळ. आरोना ते मालपेन्सा टर्मिनल १ गाडीने अर्धा तास. पण गाडीनेच. रेल्वेने जाऊ नका, मध्ये उतरून बदलायची कटकट आहे. छोट्या गावात टॅक्सी रस्त्यावर हात करून मिळत नाही, आधी सांगावी लागते. हॉटेलवाल्याला बुकिंग करतानाच मेल टाका, तो ओळखीच्या एनसीसीवाल्याला सांगतो (ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, इथे तिला एनसीसीच म्हणतात). चार माणसं, तीन मोठ्या बॅगा म्हणजे व्हॅन मागा, नुसती "टॅक्सी फॉर फोर" म्हणालात तर छोटी गाडी येईल आणि बॅगा मांडीवर. माझ्या पाहुण्यांना मागच्या वेळी ८० युरो पडले. स्ट्रेझाहून शंभरच्या पुढेच धरा. ह्या पैशाची तयारी नसेल तर काकांचं कादोर्ना घ्या, ते दुसऱ्या नंबरचं उत्तर आहे आणि चांगलं उत्तर आहे.

विमानवेड्या पोरासाठी अजून एक. मालपेन्सा टर्मिनल १ च्या अगदी जवळ वोलांदिया नावाचं विमानांचं म्युझियम आहे. काप्रोनी कंपनीच्या जुन्या कारखान्यात, १९१० सालापासून तिथे विमानं बनायची. हेलिकॉप्टरं, लढाऊ विमानं, आणि तो राष्ट्रपतींचा डीसी-९ सुद्धा, ज्यात १९८२ चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकून येताना राष्ट्रपती पेर्तिनी, कोच आणि खेळाडू पत्ते खेळत बसले होते आणि मध्ये टेबलावर कप ठेवलेला. तो फोटो इथे प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात असतो. ह्या ट्रिपमध्ये बसेल असं वाटत नाही, पण पोराला सांगूच नका, नाहीतर तो विमानात बसायला नकार देईल.

---

सावकाश

आरोनाला माझं पण मत. दोन पैशाची भर.

१:४० चं विमान म्हणून तुम्ही साडेदहा-अकराला पोचायचं ठरवाल. थोडं आधी पोचा. शेंगेनच्या हद्दीवर आता ईईएस (येण्याजाण्याची नवी नोंदणी) आलंय, ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं, आपल्यासारख्या बाहेरच्या पासपोर्टवाल्यांचा फोटो आणि बोटांचे ठसे. बाहेर पडतानाही नोंद होते. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. रांग कधी पाच मिनिटांची कधी तासाची, काही सांगता येत नाही.

आणि फ्लोरेन्समध्ये जी भर पडणार आहे (आम्ही कुणाला सांगत नाही) त्याचा टॅक्स रिफंड. इटलीत आता एका दुकानात ७० युरोच्या वर खरेदी झाली की फॉर्म मिळतो, पूर्वी ही मर्यादा १५५ च्या आसपास होती, २०२४ च्या फेब्रुवारीपासून खाली आणली. दुकानात पासपोर्ट दाखवावा लागतो. विमानतळावर बॅग चेक-इन करायच्या आधी ते काम उरका, कारण कस्टम्सवाले वस्तू दाखवा म्हणू शकतात आणि तेव्हा तुमची पर्स मोठ्या बॅगेत आणि मोठी बॅग पट्ट्यावरून गेलेली असते. आमची गेली होती. तुमचं पुढचं विमान आखातातून बदलणार असेल तर सगळं मालपेन्सालाच करायचं, तिथून पुढे काही नाही.

जाता जाता, ज्यांचं परतीचं विमान रोमहून आहे त्यांच्यासाठी, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो. फ्युमिचिनो विमानतळाजवळ शेवटची रात्र काढायची तर ओस्तिया अंतिका. जुनं रोमन बंदर, आख्खं शहर उभं आहे, रस्त्यावर गाडीच्या चाकांच्या खुणा, खानावळीचा संगमरवरी ओटा, आणि एका रांगेत बसायचे सार्वजनिक संडास जे बघून आमची पोरं अर्धा तास हसत होती. पाँपेईला जायला मिळालं नाही त्याचं दुःख पुष्कळ कमी होतं. सोमवारी बंद. तिथून विमानतळ टॅक्सीने वीस मिनिटं. आणि रोम शहरातच राहणार असाल तर जुन्या तटबंदीच्या आतून फ्युमिचिनोला टॅक्सीचे ठरलेले ५५ युरो, माणशी नाही, गाडीचे, बॅगांसकट. चौघांना लिओनार्दो एक्सप्रेसचे (विमानतळाची रेल्वे) माणशी १४ धरले तर टॅक्सीच बरी.

---

बॅगा_भरून_तयार

अगं बाई किती लिहिलंत सगळ्यांनी! सगळं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं.

वारेसेकर ताई, आरोनाचे फोटो बघितले, मला पटलं. नवऱ्याला ड्युओमो सोडवत नाहीये. त्याचा नवीन प्रस्ताव असा की साडेबाराला मिलान, बॅगा सेंत्रालेच्या लगेज काउंटरवर टाकायच्या, मेट्रोने ड्युओमो, छतावर जाऊन यायचं, चारला परत सेंत्राले, पाचपर्यंत आरोना. होईल का? (काका, तुमच्याकडे अपेक्षेने बघतेय.)

---

टाइमटेबल_काका

होईल, कागदावर. लगेज काउंटरला शनिवारी दुपारी रांग, टाकताना एकदा, काढताना एकदा. ड्युओमोच्या सिक्युरिटीला रांग. लिफ्ट असली तरी छतावर काही पायऱ्या येतातच. आजींना खाली बाकावर बसवणार आणि त्यांच्याजवळ कोण थांबणार? चारचे पाच होतील. पाचची गाडी पकडून सहाला आरोना, हॉटेलात बॅगा टाकून काठावर येईपर्यंत सूर्य मावळलेला. तुम्ही तलाव बघायला जाताय आणि तलाव दिसणार नाही.

माझं मत एकतर मिलान नाहीतर आरोना. दोन्ही मिळून एक धड होत नाही.

आरोनाबद्दल माझी एकच हरकत, ती सांगून टाकतो. आख्खी सकाळ एका व्हॅनवर अवलंबून. ती आली नाही तर? कादोर्नाला गाडी नाही आली तर दुसरी आहे.

---

वारेसेकर

काकांची हरकत रास्त आहे. उपाय दोन. ड्रायव्हरचा नंबर स्वतःकडे ठेवा आणि आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर "उद्या नक्की ना" विचारा, इथे सगळे व्हॉट्सअॅपवरच असतात. आणि वेळ साडेदहाची न देता साडेनऊची द्या, म्हणजे तो नाहीच आला तर हॉटेलवाल्याला दुसरा बोलवायला पाऊण तास हातात राहतो. मालपेन्साच्या पट्ट्यात ड्रायव्हरांचा तुटवडा नाही, अर्ध्या गावाचं पोट विमानतळावर आहे.

आणि हो, ट्रेनोर्डच्या (इथली लोकल रेल्वे कंपनी) साइटवर त्या आठवड्यात आरोनाच्या लाइनचं बघून ठेवा, दुरुस्तीची कामं निघतात आणि मग गाडीऐवजी बस असते.

ड्युओमोचं म्हणाल तर, मिस्टरांना सांगा व्हेनिसहून सकाळी दहाच्या ऐवजी आठची गाडी पकडायची. सगळ्यांना उठवायची जबाबदारी त्यांची.

---

खिडकीवाली_सीट

हा हा, हे शेवटचं वाक्य ऐकून आमचे हे वाचतानाच म्हणाले "मग राहू दे ड्युओमो".

व्हेनिसमधून निघतानाचं एक राहिलं, हॉटेल स्टेशनच्या बाजूला आहे का बघा. मध्ये पूल असेल तर प्रत्येक पुलाला पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला बॅगेचं चाक ठक ठक. वापोरेत्तोचं (तिथली बोट-बस) तिकीट माणशी साडेनऊ युरो आहे, पण गुडघ्यासाठी द्या ते.

---

बॅगा_भरून_तयार

निकाल लागला. सासूबाईंनी लावला. दोन दिवस आमची भांडणं ऐकत होत्या, काल म्हणाल्या, "मला आता देवळं-बिवळं नकोत, ती बघून मान दुखायला लागेल, मला कुठेतरी पाण्याकाठी बसवा आणि तुम्ही कुठे जायचं तिकडे जा." झालं. आरोना. काठावरच्या एका छोट्या हॉटेलात फॅमिली रूम मिळाली १४५ ला, व्हॅन पण त्यांनीच सांगितली, ८५ म्हणाले, हो म्हटलं. नवऱ्याला आठची गाडी विचारली, तो सध्या विचार करतोय.

गेल्यावर कळवते.

---

बॅगा_भरून_तयार

आरोनाहून लिहितेय, शनिवार, रात्रीचे सव्वानऊ.

आठची गाडी अर्थातच झाली नाही. दहाची पण थोडक्यात मिळाली. बॅगा आता चार मोठ्या आहेत, त्यावर घरात कुणी बोलत नाहीये. पावणेतीनला इथे पोचलो. हॉटेलच्या बाईंनी बॅगा वर नेल्या, लिफ्ट इतकी छोटी की बॅग आणि माणूस एकत्र मावत नाही, एक बॅग गेली, लिफ्ट परत आली, दुसरी गेली.

आई साडेतीनपासून त्या काठावरच्या बाकावर. शेजारी एक इटालियन आजी येऊन बसल्या, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, तरी गुडघ्यावर हात ठेवून पाऊण तास काहीतरी बोलणं झालं. मला वाटतं ऑपरेशनबद्दल होतं. पोराच्या डोक्यावरून दर थोड्या वेळाने मालपेन्साची विमानं, त्यामुळे त्याला दुसरं काही दाखवायची गरजच पडली नाही. आणि ड्युओमोवाला माणूस बोटीने समोर आंजेराला जाऊन परत आला एकटाच, म्हणे दहा मिनिटांची बोट आहे, किल्ला वर होता म्हणून खालीच कॉफी पिऊन आलो. आत्ता तो किल्ला पिवळ्या दिव्यात दिसतोय खिडकीतून, ताई तुम्ही म्हणाला होतात तसा.

आता काका, एक अडचण. ड्रायव्हरला मघाशी मेसेज केला, "उद्या साडेनऊ नक्की ना", त्याचा अंगठा आला. मग मला तुमचं घड्याळाचं आठवलं. परत मेसेज केला, "साडेनऊ, नवीन वेळेने". परत अंगठाच आला. नवरा म्हणतो झालं आता झोप. आई म्हणतात जुन्या वेळेने आला तर साडेआठलाच येऊन उभा राहील, तेवढं काय, त्याला चहा पाजू. इथे चहा कुठून आणणार ते त्यांनी सांगितलेलं नाही.